जानूची वाडी आणि ओदविलेर

सिस्टर,

शाळेच्या मागच्या व्हरांड्यात आपण दोघी वाचनालयाच्या पुस्तकांना खाकी कागद चढवत बसलो होतो. तुम्ही कापत होता, मी खळ लावत होते. मध्येच माझं वाचनालयाचं कार्ड तुमच्या हाती आलं आणि कात्री थांबली. गावाच्या रकान्यात मी ‘सातारा’ लिहिलं होतं. वसतिगृहातल्या मुली मला ‘ए वाडी’ अशी हाक मारत, म्हणून. “तू जानूच्या वाडीची ना?” तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, “ते काय नाव आहे, सिस्टर? जानू कोण होता तेसुद्धा कुणाला ठाऊक नाही.” रागावलात की तुमचं मराठी अडखळायचं. “माझ्या गावाचं नाव शिपायांनी बदललं. सकाळी आले, पाटी काढली, दुसरी लावली. मी तुझ्याएवढी होते. तुझ्याकडे कोण शिपाई आला?” आणि कार्ड फाडून नवं कोरं पुढे केलंत. मग खळ वाळेपर्यंत तुम्ही सांगत राहिलात. तुमचं गाव ओदविलेर, फ्रान्सच्या अगदी कडेला. लढाईत जर्मनांनी त्याचं ओदवायलर केलं, लढाई संपल्यावर ते पुन्हा ओदविलेर झालं. आणि नाव संत ओडिलचं, डोळ्यांची दुखणी बरी करणाऱ्या संतिणीचं. हे सांगताना तुमची मान ताठ झाली होती.

मी तीस वर्षं जर्मनीत, कोलोनमध्ये राहते आहे. ओदविलेर इथून गाडीनं चार तासांवर, तरी गेले नव्हते. मागच्या महिन्यात मुलीनं मला आणि नातीला नेलं. चर्च, एक बेकरी, गुरं, आणि आठवड्यातून दोन दिवस उघडणारी ग्रामपंचायत. तिथे गावाच्या इतिहासाचं पत्रक ठेवलंय, कुणा निवृत्त मास्तरांनी लिहिलेलं. सिस्टर, नाव संतिणीचं नाही. ओदो नावाच्या कुणा माणसाची तिथे शेती होती, आणि ‘विलेर’ म्हणजे शेताजवळची चार घरं. संत ओडिलचं देऊळ नंतर बांधलं, मग लोकांनी नावाचा संबंध तिच्याशी लावला. पत्रकाची जर्मन बाजू नात वाचत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. ‘वायलर’ म्हणजे काय, मी विचारलं. तिनं जर्मनमध्ये सांगितलं, आजी, खेड्याहूनही लहान. “म्हणजे वाडी!” मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की टेबलामागची बाई दचकली. ओदोची वाडी. ओदो कोण, तेही कुणाला ठाऊक नाही. तुम्ही हसला असता की संतीण गेली म्हणून रुसला असता, कळत नाही.

तेव्हापासून स्वस्थता नाही. उद्या सकाळी जर्मन नागरिकत्वाच्या अर्जाची टेर्मिन आहे, म्हणजे कचेरीनं दिलेली वेळ. अर्जात विचारलंय, जन्मस्थान? तुमची बदली झाल्यावर दहावीच्या फॉर्मवर मी पुन्हा ‘सातारा’ लिहिलं, सिस्टर. तेच शाळेच्या दाखल्यावर गेलं, तिथून पासपोर्टवर, लग्नाच्या नोंदीत, मुलीच्या जन्माच्या कागदांत. मुलगी म्हणते, “आई, हे बघ, पासपोर्टवर सातारा आहे ना? मग साताराच लिही. आत्ता बदलायला गेलीस तर अर्ज अडकून बसेल.” मी म्हटलं, “पण मी तिथे जन्मले नाही गं.” “अगं, कोण बघायला जातंय?” दुपारपासून पेन्सिलीनं लिहिते आहे, खोडते आहे. कागद तिथे पातळ झालाय. मधूनच उठून भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. तुम्ही जाऊन वर्षं झाली, हे टपालात जायचं नाही, म्हणूनच तुम्हाला लिहायला धजले.

शेवटी शाईनं सातारा लिहिलं. अर्ज अडकायला नको, हे मलाही वाटतंच.

पण मुलीसाठी वेगळा कागद केला आहे, माझ्यानंतर उघडायचा. तांब्याचं घंगाळ तिला, त्यात झाड लावलं तरी चालेल. ओदविलेरचं पत्रक आणि माझा शाळेचा दाखला नातीला. त्यावरचं जन्मस्थान खोटं आहे हे मात्र मी तिला आधीच सांगणार आहे, जर्मनमध्ये, चुका होतील त्या होऊ देत. वाडीतला माझ्या वाट्याचा जमिनीचा तुकडा भावाच्या मुलीला, ती तिथेच राहिली म्हणून. तिचा पत्ता लिहायला घेतला तर वाडीचं टपाल कुठल्या गावावरून येतं तेच आठवेना. तिलाच फोन करून विचारलं. ती हसत सुटली. “आत्या, वाडी इसरलीस व्हय?”

मी म्हटलं, “नाही गं, वहीत लिहिलंय, चष्मा सापडत नाहीये.”