चोवीसपैकी एकोणीस

३ मार्च
परत पाठवलं! केसांतल्या पिना काढून स्कॅनच्या टेबलावर आडवी झाले, तर तिथल्या बाई विचारतात, "सर्दी झालीय का?" झालीय की — म्हणूनच तर आले! त्या हसल्या. ताज्या सर्दीत सगळंच गच्च दिसतं म्हणे, जुनं दुखणं कुठलं ते कळत नाही. औषधं संपवा, सर्दी जाऊ दे, मग या.
तीन वर्षं नाकाला वास नाही. भट्टीपाशी वन्संना उभं करते, पाव झाला की त्या ओरडतात — "वहिनी, काढा!" बेकरी माझी, नाक नणंदेचं!

२८ मार्च
स्कॅन झाला. दोन मिनिटं! मी उगाच श्वास रोखून पडले होते.

३० मार्च
डॉक्टरीणबाई सायनसच्या प्रत्येक पोकळीला गुण देतात. एकूण चोवीस. मला एकोणीस. ह्यांचा जन्म पेपर तपासण्यात गेलेला — लगेच खूश! "वा! पहिला वर्ग!"
बाई म्हणाल्या, "सर, इथे शून्यवाला पहिला येतो."
ह्यांचा चेहरा असा पडला! मला हसू आवरेना. मग बाईंनी चित्र दाखवलं. हवा काळी दिसायला हवी, माझ्या नाकात सगळं राखाडी. ऑपरेशन करायचं ठरलं. वास परत येईल का विचारलं. "कोंडलेली जागा दिसते, वास दिसत नाही. खात्री देणार नाही."
घरी येऊन रडले.

१७ एप्रिल
दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. नाक भोपळ्याएवढं. हे म्हणतात, गोंडस दिसतेस. खोटारडे!

२ मे
श्वास! दोन्ही नाकपुड्यांतून! रात्री मी घोरले नाही म्हणून ह्यांना झोप लागली नाही. वास मात्र अजून नाही.

२९ मे
आला! आला! भट्टीतून पावाचा वास! मीच ओरडले, "वन्सं, झाला!" त्यांनी मला मिठीच मारली. दोघी रडत बसलो आणि अख्खा घाणा करपला. करपल्याचाही वास आला!

३१ मे
रविवारचा घरचा केक केला, नेहमीच्याच मापाने. एक घास तोंडात घातला आणि — शी! नुसतं व्हॅनिला! घशाखाली उतरेना. मला चव लागत नव्हती म्हणून मी बाटली उपडी करत गेले असणार.
ह्यांना विचारलं, "असा कधीपासून होतोय?"
"तीन वर्षं."
"आणि तुम्ही दर रविवारी मागून मागून दोन-दोन तुकडे खायचात?"
"तू बघत बसायचीस ना."