तीन महिने तोंड उघडायचं नाही

प्रिय आई,

तुला जाऊन चार वर्षं झाली आणि आज मी पहिल्यांदा तुला पत्र लिहितेय, तेसुद्धा संशयानं. रागावू नकोस. सोमवारी मी राजीनाम्यावर सही करणार, असं ऑफिसातल्या लोकांनी परस्पर ठरवलंय. त्याआधी तुला जाब विचारायचा आहे, कारण या भानगडीत थोडा हात तुझाही आहे.

आधी गोड बातमी. मला दिवस गेलेत. दहावा आठवडा चालू आहे. तू असतीस तर आधी माझ्या तोंडावर हात ठेवला असतास! "तीन म्हयने झाल्याबिगर तोंड उघरायचा नाय, नजर लागंल." किती हसायचे मी तुला! मागच्या वर्षी हसत हसतच सगळ्यांना पेढे वाटले आणि दोन आठवड्यांत सगळं संपलं. तेव्हापासून नाही हसले. या वेळी नितीन सोडून कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही, सासूबाईंनाही नाही.

मग ऑफिसात कळलं कसं? माझा संशय पपईवर आहे. आमच्या सोनल मॅडम, माझ्या वरच्या, एक दिवस डब्यात पपई घेऊन आल्या. सहा वर्षांत त्यांनी कुणाला चहाचा घोट पाजला नाही, आणि त्या दिवशी फोडी वाटत वाटत माझ्यापाशी येऊन थांबल्या. मी नको म्हटलं. "का गं, आवडते ना तुला?" असं विचारून अशा हसल्या, की मी माझ्या डब्याचं झाकणच लावून टाकलं. नितीन म्हणतो, पपई ही नुसती पपई असते. असेल बाबा! पण पुढच्याच आठवड्यात माझ्या कामात चुका निघायला लागल्या. सहा वर्षं विम्याचे क्लेम तपासतेय मी, दर वर्षी शाबासकी घेतेय, आणि आता म्हणे माझं लक्ष नसतं.

बुधवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. स्वतः उठून खुर्ची दिली, पंखा वाढवला. पंखा वाढवला तेव्हाच मी समजले. "बघ मनीषा, रोजचं ठाणे-डोंबिवली, किती दगदग. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय. घरगुती कारण लिहून सोमवारपर्यंत राजीनामा देऊन टाक. पुढच्या नोकरीला चांगलं पत्र देऊ आम्ही." माझी दगदग यांना आजच कशी दिसली? पण हो की नाही ते कळू नये अशी नुसती मान हलवली.

गुरुवारी कल्याणला एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ऑफिसला लेखी कळवलंय का?"

मी सांगितलं, नितीन सोडून कुणालाच नाही.

"दिवस गेलेत म्हणून बाईला काढता येत नाही, कायदा आहे. पगारी रजाही आहे. पण उद्या ते म्हणतील, आम्हाला माहीतच नव्हतं, काम बरोबर नव्हतं म्हणून काढलं. तुम्ही काय दाखवणार? आणि राजीनामा स्वतःच्या हातानं दिलात, तर भांडणं फार अवघड." मग चष्मा काढून म्हणाल्या, "कितीतरी बायका इथेच फसतात. नजर लागेल म्हणून गप्प बसतात, आणि साहेबलोकांना ते पक्कं ठाऊक असतं."

तेव्हा तू आठवलीस, आई. मानपाड्याच्या औषधांच्या कंपनीत तू पॅकिंगला होतीस. "माझे मर्जीनी सोरली नोकरी, तुला सांभालाला," हे मी लहानपणापासून ऐकलं. मर्जीनं? मग त्या कंपनीचं गेट आलं की पदर सारखा करून दुसरीकडे का बघायचीस? मी कधी विचारलंच नाही. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, तुझ्यावर मात्र डोळे मिटून विश्वास!

तिथूनच रिक्षानं विठ्ठलवाडीला शेवंतामावशीकडे गेले. तुझ्या शेजारी बसून गोळ्यांची पाकिटं भरायची ती. आधी चहा, मग गुडघे, मग सुनेच्या तक्रारी. शेवटी बोलली.

"मर्जी कंची गो? शेटनी कागद समोर ठेवला, तिनी सही केली. तिसरा म्हयना व्हता, उलट्या बगून शेटनी वलखला. तू पोटान व्हतीस."

"पण मावशी, कायदा तेव्हाही होता!"

"आसंल. पन कंपनीला कोनी सांगला व्हता? तुजे आयनी मना बी सांगला नाय, मंग शेटला काय सांगनार?"

माझ्यासाठी लपवलंस, ते कळतंय गं. पण नंतर तरी मला का नाही सांगितलंस? मी त्या शेटला चार शिव्या तरी घातल्या असत्या! तुझी नोकरी माझ्यामुळे गेली असं मला वाटू नये, म्हणून जन्मभर फसवत राहिलीस. वाटलंच ना शेवटी? मावशीच्या ओट्यावर बसून रडले मी.

काल, शुक्रवारी, ऑफिसला पत्र लिहिलं. चारच ओळी. मी गरोदर आहे, बाळंतपणाची तारीख अमुक, डॉक्टरांचा दाखला सोबत. लिहिताना दोनदा पुसलं, खोटं कशाला सांगू! मागच्या वेळी नवव्या आठवड्यात गेलं होतं. ईमेल केला, आणि ईमेलवर भरवसा नाही म्हणून खाली आवक विभागात जाऊन प्रतीवर शिक्का मारून घेतला. तिथल्या पाटीलकाकांनी सगळं वाचलं आणि हळूच म्हणाले, "अभिनंदन, पोरी." माझ्या बाळाची बातमी सासूबाईंच्या आधी आवक विभागाला कळली, आई! काका मनापासून बोलले की वर जाऊन लगेच सांगणार होते, याचा विचार मी लिफ्टमध्ये करत राहिले.

संध्याकाळी मॅडमचं उत्तर आलं. मनापासून शुभेच्छा, सोमवारी बोलू. मनापासून म्हणे!

तर आता तुला वचन देते. सोमवारी मी जाईन आणि कशावरही सही करणार नाही. बाळ राहिलं तर तुझा आशीर्वाद. नाहीच राहिलं, तरी मी तोंड उघडलं म्हणून गेलं, असं मी म्हणणार नाही आणि कुणाला म्हणू देणार नाही. अगदी तुलासुद्धा. खुर्चीवरून मी आपण होऊन उठणार नाही. काढायचंच असेल तर त्यांनी कारण लिहून द्यावं. खरं कारण लिहायची त्यांची छाती नाही, असा माझा दाट संशय आहे.

तुझीच,
मनी