काळा शेला

बाबा, आज बुधवारा पेठेतल्या पेढीवर शेठच्या नातवानं माझे सहा शेले घडी न मोडताच ठेवून घेतले. आनंद व्हायला हवा होता. मला तुमची भीती वाटली.

तुमचा तो काळा शेला. सहा महिने मागावर होतात तुम्ही. काळ्या रेशमावर चांदीची जर. संस्थानिकांच्या लग्नांना माल पुरवणाऱ्या शेठनं तो दोन बोटांनी उचलला नि बाजूला सारला. "उस्ताद, हात सोन्याचा, पण डोकं फिरलं काय? शादीच्या घरात काळं? अपशकुन!" तुम्ही तो घडी करून उचललात. घरी येऊन शेला मागासमोरच्या खुंटीला टांगलात आणि त्याच्याकडे बघत बसलात. माग बंद, जेवण बंद. आई दिवेलागणीला त्यावर चादर टाकायची, सकाळी ती खाली पडलेली असायची. "हे कापड तुझ्या बापाला घेऊन जाईल रे," ती म्हणायची, आणि मला ते खरंच वाटू लागलं होतं.

म्हणून तुम्ही तापीवर आंघोळीला गेलेले असताना मी तो शेगडीत जाळला. केस जळल्यासारखा वास घरभर. उरलेली चांदी गाळून तुमच्या हातावर ठेवली. "शेठचा माणूस शेला घेऊन गेला, बदल्यात ही दिली."

"गरम कशी?"

"उन्हातून आणली ना!" काय अक्कल पाजळली मी!

त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवलात, आणि दुसऱ्या दिवशी मागावर पुन्हा काळा ताणा चढवलात. मागाचा आवाज ऐकून आई खूश, मी मात्र मागाकडे फिरकलो नाही. शेला पुरा झाल्यावर तो घेऊन स्वतः निघालात. "मी जातो ना," म्हटलं, तर हसलात. "नको. काळा का घेतला, ते त्याच्या तोंडून ऐकायचंय मला." मी उंबऱ्यात उभा राहिलो, पण तुम्हाला अडवलं नाही. दुपारी परत आलात. "शेठ विचारतो, पहिला मी कधी घेतला?" एवढंच म्हणालात आणि शेला माझ्या मांडीवर ठेवलात. "हा तूच विक. तुला विकता येतं." पुढची अमावस्या तुम्ही पाहिली नाहीत.

तो शेला पेटीत आहे. आजवर कुणाला दाखवलेला नाही. हा कागदही त्याच्याच घडीत ठेवतो. सगळं बुऱ्हाणपूर म्हणतं, याचा माल कधी परत येत नाही. बाबा, परत येईल असं मी काही विणलंच नाही.