तिचा चेहरा कोणाच्या नावे

रंगखात्यातल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. आपल्या बाईचा चेहरा आपल्या डोळ्यांदेखत बदलला आणि आपण टाळ्या वाजवत बसलो. म्हणून हे मृत्युपत्र घरच्यांसाठी जितकं आहे, तितकंच तुमच्यासाठी आहे. ते गेटवर मोठ्याने वाचावं.

मी, कापड रंगवण्याच्या कारखान्यातला निवृत्त कामगार, ज्याला तुम्ही सगळे भोंगा म्हणता, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देताना ते म्हणाले की छाती मात्र ठिकाणावर नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असतं तर बरं झालं असतं, निदान कोणाशी भांडायला मिळालं असतं.

१. दोन खोल्यांचं राहतं घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीचं. यात कोणाचा वाटा नाही.

२. माझी पुस्तकं संघटनेच्या वाचनालयाला. समासात मी ठिकठिकाणी लेखकांशी भांडलो आहे, ते खोडू नये. संघटनेच्या चिटणीसाने नेलेली पुस्तकं त्याच्याकडेच राहू द्यावीत. तो ती उघडणार नाही, त्यामुळे ती खराब होणार नाहीत.

३. मागच्या खोलीतलं पत्र्याचं पिंप. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

माझी बायको उंचीने माझ्या कोपराच्या जरा वर. खात्यात तिला वीतभर म्हणत. डावा डोळा तिरळा. उकळत्या रंगाच्या कढया तेव्हा उघड्या असत. एकदा कढई उसळली आणि तिचा डावा गाल कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत भाजला. बरी होऊन ती कामावर आली ती कढयांना झाकणं मागत. मॅनेजर तिच्याशी बोलताना खिडकीबाहेर बघायचा. तिच्या तोंडाकडे बघणं त्याला जमत नव्हतं, आणि जे बघवत नाही त्याचं ऐकायचीही गरज नसते. म्हणून आम्ही संपावर गेलो, आणि एका सकाळी तिने हे पिंप गेटवर उपडं केलं, त्यावर चढली, मॅनेजरच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि म्हणाली, "साहेब, इकडे बघा."

भाषणं नंतर मीही पुष्कळ केली. त्या संपातलं खरं भाषण एवढंच होतं. झाकणं बसली.

ती गेल्यावर तिच्यावर सिनेमा निघाला. दिग्दर्शक घरी आला होता. नम्र माणूस, चपला बाहेर काढून आला. कोण नटी घेतली ते त्याने सांगितलं आणि मी विचारलं, हिच्यात आणि माझ्या बायकोत सारखं काय? तो म्हणाला, "आजोबा, दिसण्यात काय आहे? आम्हाला आत्मा पकडायचाय." मी म्हटलं, "मग कुरूप नटी घ्या की. आत्मा तर तोच राहील." तो खूप हसला. माझं कुठलंही वाक्य त्याने इतकं मनापासून ऐकलं नव्हतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी नाकडोळ्यांचा हट्ट धरणारा माणूस नाही. माझं काम करणारा नट जाडा, गोरा, माझ्याशी काडीचं साम्य नसलेला. पण भाषणाआधी तो घसा खाकरून एकदा जमिनीकडे बघतो, आणि तिथे तो मीच आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या तोंडामुळे माझ्या आयुष्यात काहीच घडलं नाही. तिच्या तोंडामुळे सगळं घडलं. ज्याच्या दिसण्यावरून त्याची गोष्ट वळली, त्याचं दिसणं बदललंत तर तुम्ही गोष्टच बदललीत.

पुरावा हवा असेल तर सिनेमातलं तेच दृश्य बघा. नटी मॅनेजरपेक्षा उंच आहे. तरीही ती पिंपावर चढते, कारण खरी बाई चढली होती. तिचा सुंदर चेहरा वरून त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "साहेब, इकडे बघा." मॅनेजर आधीपासून तिकडेच बघतोय. थिएटरात शिट्ट्या वाजल्या. एवढ्या उंच बाईला पिंप कशाला, हे एकाही माणसाने विचारलं नाही.

संघटनेच्या हॉलमध्ये खास खेळ झाला तेव्हा मी उभा राहून हे सगळं बोललो. आयुष्यातलं माझं सर्वांत चांगलं भाषण. लोक उठून टाळ्या वाजवत राहिले. नंतर तेच लोक नटीच्या पोस्टरखाली फोटो काढायला रांगेत उभे राहिले. मलाही मध्ये उभं केलं. मी उभा राहिलो.

आता त्याच हॉलच्या दारात तिचा अर्धपुतळा बसायचा आहे आणि मूर्तिकार पोस्टर समोर ठेवून माती लावतो आहे. मी चिटणीसाला जाब विचारला. तो म्हणाला, "भोंगाकाका, नवी पोरं हाच चेहरा ओळखतात. खरा लावला तर विचारतील, ही कोण?" माझ्याकडे तिचा एकच फोटो आहे, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा, रंगाचा हात लागून निळा झालेला. मूर्तिकाराने तो बघितला आणि सभ्यपणे परत दिला. त्यात खरंच काही दिसत नाही.

माझा भाचा वकील आहे, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "मामा, चेहरा ही मिळकत नाही. तो कोणाच्या नावे करता येत नाही." म्हणजे पिंप देता येतं, पिंपावरची बाई देता येत नाही.

परवा दुपारी तिला आठवायला डोळे मिटले. नटी आली. मी डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा तीच. इतक्या वर्षांचा संसार, आणि माझ्याच डोक्यात मला बायको सापडेना. तेवढ्यात मुलगी पाणी घेऊन आत आली. तिच्याकडे बघितलं आणि ती सापडली.

मुलगी आईचीच प्रत आहे. तीच उंची, तोच डोळा, तीच हनुवटी. फक्त गालावरचा डाग नाही. पोस्टात खिडकीवर बसते. लोक तिला म्हणतात, "तुम्ही त्या बाईंच्या मुलगी? वाटत नाही हो." ती हे घरी येऊन हसत सांगते. मी तिला म्हटलं, मूर्तिकारासमोर तू बस. ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला. तिने तो पूर्ण चढू दिला आणि मग म्हणाली, "असू द्या ना बाबा. आईला एकदा तरी लोक सुंदर म्हणतायत."

मी म्हणत होतो की. पण नवऱ्याचं म्हणणं कोण धरतं?

पोरीच्या मनात त्या वाक्यात आई किती आणि ती स्वतः किती, हे विचारायची हिंमत झाली नाही. माझ्या आवाजाने गेट उघडलं आहे, पण समोरच्या खोलीतली ही पोर त्याने हलत नाही.

तरी लिहून ठेवतो. पिंप संघटनेला दिलं आहे. ते पुतळ्याशेजारी उपडं ठेवावं. पुतळ्याच्या डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत डाग असावा.

आणि शेवटचं. कायदा यात काही करू शकत नाही, भाचा करू शकत नाही, मी तर नसेनच. तुम्ही आहात. मला पोहोचवून झालं की घरी जाऊ नका. सगळे मिळून माझ्या मुलीच्या दाराशी जा. भाषण करू नका, ते करून झालं आहे. तिच्याकडे नीट बघा, खिडकीबाहेर बघू नका, आणि तिला मूर्तिकारासमोर नेऊन बसवा.

सही: भोंगा

साक्षीदार:
१. डॉक्टर, ज्यांनी डोक्याचा दाखला दिला.
२. खालच्या मजल्यावरचा शिंपी, ज्याने तिचे सगळे कपडे शिवले आणि ज्याला तिची उंची आजही पाठ आहे.

व्यवस्थापक: भाचा, वकील.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली, पिंपावर कागद ठेवून.
दिनांक: पुतळ्याची माती अजून ओली आहे, त्या आठवड्यातला सोमवार.