चुलती यादीत नव्हती

सोलापूर, शुक्रवार, पहिली पाळी सुटल्यावर

तीर्थरूप पृथ्वीराजदादांच्या पायांवर धाकट्या जोतिरामचं डोकं.

इकडं आम्ही सगळे बरे आहोत. तुमची शुगर, सोनालीवहिनींची कंबर आणि सृष्टीची शाळा चाकणच्या हवेत ठीक चालली असेल असं धरून चालतो. तुम्ही फोन उचलत नाही (कामात असता, मला कल्पना आहे). मेसेजवर निळ्या खुणा येतात आणि पुढं काही येत नाही, म्हणून शेवटी पोस्टाचं पाकीट आणलं. पाकिटावर निळी खूण उमटत नाही, त्यामुळे वाचलं नाही असं म्हणायची तुम्हाला सोय राहील.

काकी गेली त्या सोमवारची माझ्या बाजूची हकीगत तुम्हाला ठाऊक नाही. पहाटे पाचला मंद्रूपहून फोन आला तेव्हा मी डबा भरत होतो. सरळ गावाकडं निघायचं, तर म्हटलं, गेटवर अर्ज टाकून जाऊ. तिथंच चुकलो. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात युनियन आहे, युनियनचा करार आहे आणि करारात दुखवट्याची रजा आहे, भरपगारी तीन दिवस (गेटसभेत त्या कलमासाठी मीच दोन्ही हात वर केले होते). एचआरच्या वैजयंती मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं. आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलं, सख्खी भावंडं. सासू-सासऱ्यांना एक दिवस. चुलती नाही. मी सांगितलं, आई गेली तेव्हा मी सहा महिन्यांचा होतो, ह्याच चुलतीनं मला स्वतःच्या पोराबरोबर वाढवलं. मॅडम वाईट नाहीत. म्हणाल्या, मग आई म्हणून टाकते. पण कॉम्प्युटर उघडून पडदा माझ्याकडं वळवला. भरती होताना मीच आईपुढं 'मयत' लिहिलं होतं. आता ती पुन्हा वारली हे तो घेईना.

युनियनचे सेक्रेटरी हिंदुराव आले. करारावर सही त्यांचीच. ते म्हणाले, "जोतिराम, कलमात बसत न्हाय गा. फुडच्या करारात घालू की." पुढचा करार तीन वर्षांनी आहे. (तोवर म्हातारीनं थांबायला हवं होतं असं ते बोलले नाहीत, चेहऱ्यावर तेवढं दिसलं.)

खरं सांगतो दादा, बिनपगारी निघालो असतो तर कुणी दोरीनं बांधलं नसतं. पण त्या दिवशी परदेशी जायचा माल चढायचा होता, माझ्या नावावर गैरहजेरीचे दोन शेरे होते आणि मी भ्यालो. मागावर जाऊन उभा राहिलो. साडेतीनला सुटून मंद्रूप गाठलं तेव्हा तुम्ही अग्नी देऊन परतीला लागला होता. राख अजून ऊन होती.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला माझा माग थांबला. धागा तुटला की आमचे माग आपोआप थांबतात, त्यात नवल नाही. पण तुटलेला धागा सापडेना. चालू केला, पुन्हा थांबला. मेकॅनिक आला, त्यानं हात लावला की चालायचा, माझा हात लागला की बंद. मग वास आला. आमच्या खात्यात तेल आणि खळ सोडून तिसरा वास नसतो, आणि इथं काकी लावायची तशी ताजी भाजलेली मिश्री! शेजारच्या मागावरचा मल्लेश माझ्या खांद्यामागं बघत होता. कानातले बोळे काढून म्हणाला, "अवो, तुमच्या मागं म्हातारी कोन उबी हाय? पास न्हाय का तिला?"

मी वळलो. कुणी नव्हतं.

ह्यात हसण्यासारखं एवढंच, की ती सगळ्यांना दिसते, मला दिसत नाही. तपासणी खात्यातल्या चंद्रव्वाला दिसली. निळं इरकली लुगडं, उजवा खांदा खाली, अनवाणी. मी ह्यातलं एक अक्षर कुणाला सांगितलेलं नव्हतं. चंद्रव्वा म्हणाली, "अरं, काय बोलत न्हाय बग ती. तुज्या हाताकडं बगत ऱ्हाती." फरशीवर कापसाची पांढरी धूळ बसते, तिच्यात माझ्या बुटांशेजारी पावलं उमटली होती. डाव्या पावलाला चारच बोटं. कडबाकुट्टीत काकीच्या पायाचं बोट गेलं तेव्हा ते चिंधीत गुंडाळून दवाखान्यात नेणारे तुम्हीच, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

आठवडाभर असंच चाललं. मल्लेशनं तिच्यासाठी स्टूल ठेवलं (ती बसली नाही). हिंदुरावांनी बैठक घेऊन, मयत नातेवाइकानं कामाच्या जागी येण्याबाबत करारात तरतूद नाही, असं जाहीर केलं आणि त्या दिवसापासून माझ्या रांगेतून जाणं सोडलं. वैजयंती मॅडम तेवढ्या, अफवा पसरवू नका, अशी नोटीस लावून मोकळ्या झाल्या.

गेल्या शुक्रवारी भर दुपारी त्याच मॅडम स्वतः खात्यात आल्या. ओठ पांढरे. म्हातारी टेबलासमोर उभी राहिली म्हणे, आणि एवढंच म्हणाली, "बाई, तुजी आई कुटं असती?" मॅडमची आई केम गावी एकटी असते. मॅडम दिवाळीपासून गेल्या नव्हत्या. माझ्या रजेवर सही करून त्या तशाच स्टेशनवर गेल्या.

सोमवारी हिंदुरावांना बोलावून त्यांनीच कलमात ओळ घातली: 'अथवा ज्या व्यक्तीने कामगारास वाढवले ती.' (वाढवल्याचा सरपंचांचा दाखला जोडावा. सरपंचांनी विचारलं, कितीपर्यंत वाढवलं लिहू? मी म्हटलं, पाच फूट सहा इंच.) तीन दिवस मंद्रूपला जाऊन बसलो. तिच्या उंबऱ्यावर पोटभर रडलो. वाटलं, झालं, म्हातारी सुटली. आज कामावर आलो आणि माग सुरळीत चालला.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, सृष्टीला पापा.

तुमचा,
जोतिराम

ता. क. १: सुरळीत चालला हे खरं, पण ती आजही आली होती. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. चंद्रव्वाजवळ गेली आणि विचारलं, "पृथ्वीराज आलाय का?" चंद्रव्वानं मला विचारलं, पृथ्वीराज कोण? मी सांगितलं, यादीतला.

ता. क. २: तुमच्या कंपनीच्या करारात आईसाठी पाच दिवस आहेत, हे तुम्हीच मागं अभिमानानं सांगितलं होतं. एक दिवस तुम्ही आईला दिलात. उरलेल्या चार दिवसांत नव्या फ्लॅटला रंग लागला, वहिनींचं स्टेटस मी पाहिलं. रंग छान आहे. रागानं लिहीत नाही, मी तर त्याच गावाजवळ असून मागावर उभा राहिलो. एवढंच मागणं, की एकदा मंद्रूपला या आणि घटकाभर तिच्या उंबऱ्यावर बसा. त्याला कुणाची सही लागत नाही.

ता. क. ३: पाकीट चिकटवून गेटवर आलो होतो, फोडून हे लिहितो आहे. वॉचमन माउली म्हणाले, "तुमची म्हातारी आत्ता भाईर पडली की. पुन्याच्या गाड्या कुटनं सुटत्यात इचारत व्हती. म्या स्टँड दावला." मी धावत स्टँडपर्यंत गेलो. मला दिसणार काय! पोस्टाला तीन दिवस लागतात, एस.टी.ला सहा तास, म्हणजे ती तुमच्याकडं पत्राच्या आधी पोचेल. दादा, तिला वाचता येत नाही, दारादारांत विचारत येईल. उशीर झाला तर तिच्यावर रागावू नका.