उत्तर कोणाला जावं?

६ जाने., सोम. सेलू

समस्यापूर्तीच्या ई-मेल गटावर नवी ओळ सोडली : घटे समुद्रः कथमेष माति. घागरीत हा समुद्र मावतो कसा? उरलेले तीन चरण ज्याने त्याने जुळवायचे. दुपारीच मानवतहून दिगंबरची पूर्ती हजर. पाठशाळेतला माझा सोबती, आता कापसाचा अडत्या. श्लोकात चंद्र. असणारच.

७, मंगळ.

घात! येलदरीच्या सुशीलाबाई (वीजकेंद्रातून निवृत्त, जीभ अजून कामावर) यांनी मला एकट्याला म्हणून लिहिलं, "दिगंबररावांचा चंद्र म्हणजे कापसाची गाठ, दिसेल त्या श्लोकात टाकून मोकळे." 'उत्तर' दाबलं आणि गेलं अख्ख्या गटाला. सेटिंग मीच तशी ठेवलेली. सभेत विचारलेलं सभेत सांगावं, हे माझं शास्त्र.

८, बुध.

सु.बाईंचा फोन. "मास्तर, माझ्या उत्तरावर तुमच्या गटाचा पत्ता कशाला चिकटवता? दोन बटणं असतात की. 'उत्तर' लिहिणाऱ्याला, 'सर्वांना उत्तर' सभेला. ज्याचं त्याला ठरवू द्या."

खंडन बिनतोड. सेटिंग बदलली, गटाला कळवलं. सूचना वाचतं कोण म्हणा.

१२, रवि.

दि.ची नवी पूर्ती!! वाचता वाचता उभाच राहिलो. चंद्र नाही! टँकरमागे धावून एका बाईला एक घागर मिळते, आणि तिच्या लेखी तोच समुद्र. टँकरला 'जलशकट' म्हणतो लेकाचा. हिला अर्थ सांगितला. "हे दिगंबरभाऊंनीच लिहिलं?" इतकंच म्हणाली, पण परत सांगायला लावलं. आता सु.बाई काय म्हणतात...

१५, बुध.

सु.बाई काही म्हणाल्या नाहीत. कोणीच नाही. आज दि.चा फोन : "मास्तर, माझं नाव काढ त्या गटातून."

"का रे?"

"सगळ्यायला पाठवलं, एकानं बी दाद दिली न्हाई. त्या बाईनं तर टोमणा बी मारला न्हाई!"

मेल पुन्हा उघडली. वर पत्ता फक्त माझा! त्याच्या बोटाची जुनी सवय, दाबलं 'उत्तर'. सांगितलं तर ऐकेना. "मन राखायलास माझं."

"मी पुढे पाठवू?"

"तुझी शिफारस लावून? नको."

पाठशाळेपासूनचा हट्टी. फोनवर ऐकायचा नाही. उद्या मानवत.

१६, गुरु. मानवत

दि.च्या अडतीत बसून लिहितोय. त्याच्या फोनवर दोन्ही बटणं दाखवली, मेलवरचा एकुलता पत्ताही. मग म्हणाला, "म्हंजे कुणी वाचलंच न्हाई?"

"मी वाचलं. हिनं ऐकलं."

"आन् हे दुसरं दाबलं की त्या बाईला बी जातं?"

"बाईंसकट सर्वांना."

अंगठा गेला बटणापर्यंत.

"थांब. दुसरा चरण ढिला हाय जरा."

नाव काढायचं पुन्हा बोललेला नाही. गिऱ्हाईक ताटकळलंय, हा ओठातल्या ओठात गण मोजतोय. चहा झाला, दुसरा सांगितलाय. अंगठा अजून वरच्या वर...