मागच्या खोलीतली ओल

२ जानेवारी

बगळ्याची मान गेली.

सकाळी धक्क्यावरचा जुना प्रवासी हॉल उघडला, तर भिंतीखाली अंथरलेल्या काळ्या कापडावर पांढरा चुरा आणि त्यात करडे, निळे कण. चष्मा पुसून वर पाहिलं. चित्रातल्या धक्क्याच्या खांबावर एका पायावर उभा असलेला तो बगळा मानेपासून वर नाहीच. काल होता. लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ, आतून फुगतो, रंगाची पापडी उचलून धरतो, मग दार उघडल्याची झुळूकही पुरते.

या बगळ्याकडे बघत मी जन्मभर बोटीची तिकिटं फाडली. तिकीटखिडकीच्या बरोबर समोर तो. अख्खी भिंत भरून खाडी, होड्या, गाठोडी घेऊन बसलेली माणसं — कोणी काढलं ते कोणालाच ठाऊक नाही. पूल झाला, बोटी बंद पडल्या, प्रवासी पांगले. मी आणि भिंत तेवढ्या उरलो. हॉल ज्यांच्या ताब्यात आहे त्या ट्रस्टने मागच्या दोन खोल्या राहायला दिल्या आणि म्हणाले, "भिंतीवर जरा लक्ष ठेवा." जरा!

खोट वाळूतच आहे. बांधणाऱ्यांनी किनाऱ्याची वाळू वापरली, मीठ भिंतीत कोंडलं गेलं. ओल असते तोवर ते विरघळून मुकाट राहतं. हवा कोरडी झाली की त्याचे खडे होतात आणि खड्यांना जागा लागते. हे मला चुऱ्याचा नमुना तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी समजावलं. पुढचं मी शब्दकोश मांडीवर घेऊन पुस्तकांतून उकललं. बाईंनी सांगितलंय, थंडीत हवा ओलसर ठेवा. म्हणून हॉलमध्ये पाण्याच्या पराती आणि ओल्या चादरी. मागे धाकट्या भावाच्या खोलीतही तेच. भिंत एकच ना — पुढून चित्र, मागून त्याची खाट.

४ जानेवारी

धाकटा खोकतोय. "अक्के, माणूस पाळलायस की मासा, ते एकदा ठरव."

माझ्या पाठचा भाऊ. बोटीच्या इंजिनाशेजारी आयुष्य गेलं, धुराने छाती कामातून गेलेली. बायको गेल्यावर माझ्याकडे आला. हीटर माळ्यावर आहे, तो काढ म्हणतो. मी म्हटलं, थंडी सरू दे, मागून भिंत वाळली तर पुढून चित्र गळेल.

"थंडी सरेल गं. मी उरतो का बघ."

हसत म्हणाला, म्हणून मीही हसले.

९ जानेवारी

कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात भिजवून चित्रातल्या गाठोडंवालीच्या लुगड्याच्या काठावर लेप लावला होता. लेप मीठ शोषून घेतो. आज काढला — मीठ आलं आणि काठाचा लाल रंगही आला! लगद्यावर उलटा उमटलेला, अगदी स्पष्ट. वाचवायला गेले आणि मीच सोलून काढलं.

संध्याकाळी ट्रस्टच्या सेक्रेटरीचा फोन. महिनाअखेरीस समिती येणार. पडझड थांबली नसेल तर भिंत उतरवायची. "फोटो आहेतच की सगळे." आईचा फोटो घरात आहे म्हणून कोणी आईला उतरवतं का? फोनवर मात्र "बरं" म्हटलं.

१४ जानेवारी

आज कापड काळंच. एक दिवस तरी.

१५ जानेवारी

काल लिहिलं आणि दृष्ट लागली. होडीचं शीड गेलं, तळहाताएवढं. मी चुरा चिमटीत धरून कितीतरी वेळ उभी. तोंडाला लावला. खारट. दुसरं काय लागणार!

मागच्या खोलीत आणखी दोन चादरी भिजवून टांगल्या. धाकटा म्हणाला, "पांघरायची तेवढी कोरडी ठेव, उपकार होतील." त्याच्या उशीच्या कोपऱ्यावर बुरशी आलीय. उशी बदलली. धाप लागते त्याला, पण टोमणे मारायला श्वास पुरतो.

१७ जानेवारी

बाजारातून आले तर त्याने स्वतःच चादर बुडवून, पिळून दोरीवर टाकलेली. बाह्या ओल्या, ओठ निळसर. मी रागावले.

"दुपारी काटा खाली गेला होता. तू नव्हतीस ना घरात."

ओलाव्याचा काटा कसा वाचायचा ते हा कधी शिकला?

१९ जानेवारी

डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी खाटेमागच्या भिंतीवर बोट फिरवलं आणि ते ओलं बोट माझ्यासमोर धरलं. "इथे माणूस झोपवता तुम्ही?"

मी त्यांना हॉलमध्ये नेलं. मिठाचं सगळं सांगितलं, भराभरा, शाळेतल्या पोरीसारखं. त्यांनी नीट ऐकलं, चित्रही नीट पाहिलं. म्हणाले, "सुंदर आहे. पण फुप्फुस माझ्याकडे दुसरं नाही हो."

समिती येऊन जाईपर्यंतच, असं मी म्हणाले. म्हणाले कसले, विनवलं. डॉक्टर चिडून धाकट्याकडे वळले, तर तो म्हणतो, "राहू द्या डॉक्टर. अक्का सांगते ते खरं असतं. लहानपणापासूनचा अनुभव आहे."

त्या वाक्याने मला जोर आला. आता लिहिताना स्वतःला विचारतेय, जोर कसला आला?

२० जानेवारी

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एका भिंतीला दोन बाजू आणि मी एकटी. काय करू?

२३ जानेवारी

त्याला दवाखान्यात हलवलं. न्यूमोनिया. गाडीत घालताना मास्कमधून काहीतरी पुटपुटला. कान नेला.

"कापड?"

मी म्हटलं, काळं आहे रे, काही पडलं नाही. पडलं होतं. गाठोडंवालीचा अख्खा पाय पडला होता.

२५ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, जगलाच तर त्या खोलीत मी त्याला परत पाठवणार नाही. जगलाच तर — असंच म्हणाले.

दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, तिथेही तीच ओल. तिसरी जागा आम्हाला कुठे आहे?

घरी आले. माळ्यावरून हीटर काढला. त्याच्या खोलीतल्या चादरी उतरवल्या, परात मोरीत रिकामी केली, खिडकी उघडली. हीटर लावण्याआधी हॉलमध्ये गेले. होडीवाला, गाठोडंवाली, दोरखंडावर बसलेलं पोर, बिनडोक्याचा बगळा — एकेकाला पाहून घेतलं. निरोपाला गेल्यासारखी. हात जोडणार होते, पण वाटलं, नाटक कशाला? जन्मभर बघितलं तेवढं पुष्कळ झालं. भिंत गेली तर जाऊ दे. माझा भाऊ येऊ दे.

सवयीने तिथल्या परातीत पाणी भरलं, हॉलला कुलूप घातलं आणि मागे येऊन हीटरचं बटण दाबलं.

२७ जानेवारी

तो डोळे उघडतो, मिटतो. नर्स म्हणाली, हात घट्ट धरतात हो तुमचा.

घरी खोली तापतेय. हॉल उघडत नाही. पापडी पडल्याचा आवाज होत नसतो, पण मला कुलपाच्या अलीकडूनही ऐकू येतो.

३० जानेवारी

खोली झाडायला खाट ओढली आणि तिथेच बसले. खाटेमागच्या भिंतीला पांढरी लव फुटलीय. लव कसली, मेंढीची लोकर! फुंकर मारली तर गिलाव्यासकट गळतं. म्हटलं, संपलं. या अंगाला एवढं तर त्या अंगाला काय राहिलं असेल?

उद्या समिती येणार. त्यांच्या बुटांखाली येण्याआधी चुरा भरून ठेवू, म्हणून सुपली आणि कुंचला घेऊन हॉल उघडला.

कापड काळं.

दिवा लावून पाहिलं. गुडघ्यावर बसून तळहात फिरवला. हाताला काही लागलं नाही. सगळी आपापल्या जागी — होडीवाला, पोर, पायाविना गाठोडंवाली. कुलूप घातल्यापासून एक कणही पडलेला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. भीती वाटली. बाईंना फोन केला.

३१ जानेवारी

समितीच्या आधीच बाई पोचल्या. दोन्ही अंगांना यंत्र लावून पाहिलं, मागचा लोणा बाटलीत भरला. खुशीत होत्या. "मावशी, हेच तर हवं होतं! मीठ पाण्याबरोबर चालतं, आणि पाणी जिथे सुकायला वाट मिळेल तिकडे जातं. आता ते मागे सुकतंय. मागचा गिलावा खराब होऊ दे, वर्षा-दोन वर्षांनी नवा लावू. चित्र टिकेल." समितीलाही तेच सांगितलं. भिंत उतरवायची नाही असं ठरलं. सेक्रेटरीने माझं अभिनंदन केलं.

निघताना बाईंनी अगदी सहज विचारलं, "पण मागच्या खोलीत ओल कशाला ठेवली होती? मी हॉलचं म्हटलं होतं."

मी म्हटलं, भिंत एकच ना.

"तीच तर गंमत. मागची वाट तुम्ही बंद केलीत, म्हणून ते सगळं चित्रातून बाहेर पडत होतं."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला. बाईंनी गंमत हा शब्द दुखवायला वापरला नव्हता. त्यांना चहा करून दिला.

४ फेब्रुवारी

ताप उतरला. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, डावं फुप्फुस मात्र गेल्यात जमा. जिना आता विसरा, आणि झोपताना ऑक्सिजनची नळी कायमची.

मी विचारलं, हीटर आधीच लावला असता तर? त्यांनी केस पेपर मिटला आणि म्हणाले, "आता ते कशाला, आजी."

८ फेब्रुवारी

त्याला घरी आणलं. खोली ऊबदार, कोरडी. उशीत गाल घुसळून म्हणाला, "आता कसं घर वाटतंय." मग माझा हात धरला. "चित्र गेलं ना गं? माझ्यापायी. वाईट वाटतं."

गप्प बसता आलं असतं. सगळं सांगितलं. चित्र आहे रे. हीटरनेच टिकलं. पहिल्या दिवशी लावला असता तर दोन्ही टिकलं असतं.

त्याने हात सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. ते सकाळी. आता दिवेलागण झाली. माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही.